तुळशीत पुरलेला अर्थ

तात्या खांबेटे कोणाच्याही घरी गेले की आधी घड्याळाची विचारपूस करत, मग माणसांची. दारात वहाणा काढायच्या, मान वर करून भिंतीकडे पाहायचं, डोळे बारीक करून टिकटिक ऐकायची आणि गंभीरपणे विचारायचं, "केव्हापासून रुसलंय?"

घड्याळ उत्तम चालत असलं तरी हाच प्रश्न. यंत्र बिघडतं हे तात्यांना मान्यच नव्हतं. "बिघडतात माणसं. यंत्र रुसतं," असं ते म्हणत. आणि रुसलेल्याची समजूत काढायची तर त्याला आधी मोकळं करायला हवं. मोकळं करणं म्हणजे त्याचे सगळे अवयव आपल्या सतरंजीवर मांडून ठेवणं. त्यामुळे तात्यांचा खोकला जिन्यात ऐकू आला की आमच्या गल्लीतल्या बायका लगबगीनं घड्याळावर पंचा टाकत.

आमच्या आईला एकदा पंचा वेळेवर सापडला नाही. तेव्हापासून आमचं घड्याळ वेळ अचूक दाखवतं, पण टोले स्वतःच्या मर्जीनं देतं. दुपारी साडेतीनला ते अकरा ठोके देतं. आईनं याचाही सराव करून घेतला. "अकरा वाजले, चहा ठेवते," असं ती म्हणायची आणि पाहुणा चक्रावून माझ्याकडे बघायचा.

आमची गल्ली भद्रकालीच्या देवळाच्या अंगाला, आणि पाठीमागे तांबट आळी. दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट. त्यामुळे आम्ही सगळेच जरा चढ्या आवाजात बोलणारे. पण खांबेट्यांच्या घरचं बोलणं म्हणजे निराळीच गोष्ट होती. तात्या बायकोला हाक मारत ती चार घरं सोडून ऐकू येई. नाव घ्यायची पद्धत नाही, तेव्हा हाक म्हणजे आपली नेहमीची, "ऐकलंस का?" पहिलं साधं, दुसरं वरच्या पट्टीत, आणि तिसरं असं की तांबटांचे हात थांबावेत. तिसऱ्या हाकेला समोरच्या दुकानातून दादा वाणी ओरडून सांगायचे, "आम्ही ऐकलं हो तात्या, आता पुढचं सांगा." पुढचं म्हणजे बहुधा आमटीत मीठ कमी आहे, एवढंच असायचं. काकूंचं उत्तर त्याहून मोठ्या आवाजात. ते सगळ्या गल्लीला कळायचं. जोडपं अखंड भांडतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

कचेरीतली कारकुनी आटोपून तात्या घरी आले की त्यांचा खरा दिवस सुरू होई. एकदा काकूंचा खांदा धरला होता आणि घरी बासुंदी करायची होती. तात्यांनी जुन्या बाजारातून मोडका ग्रामोफोन आणला, त्याची फिरकी काढली, तिला पळी बांधली आणि ती पातेल्यावर टांगली. किल्ली दिली. आम्ही सात-आठजण दारात उभे राहून बघत होतो. पळी पहिल्यांदा अशी संथ फिरली की दादा वाणीसुद्धा "वा" म्हणाले. मग आतली स्प्रिंग एकदम सुटली आणि बासुंदी चारी भिंतींवर गेली. तात्यांच्या चष्म्यावर चारोळी चिकटली होती. ती त्यांनी काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "गोडी बरोबर आहे. वेग चुकला."

काकू मात्र कडाडल्या, "ह्याला काही अर्थ आहे का?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि पुढे याच वाक्यानं मोठी गंमत केली.

मुंबईच्या स्टेशनवरून गाणी हवेतून येतात असं तात्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं आणि रेडिओ स्वतः बांधायला घेतला. चिरूटाचा लाकडी डबा, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, व्हॉल्व्हचे दोन काचेचे गोळे आणि एक भलीमोठी बॅटरी. एक तार त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर, बांबूला बांधून. दुसरी तार जमिनीत पुरायची. जमिनीला इंग्रजीत ‘अर्थ’ म्हणतात, म्हणून त्या तारेचं नावही अर्थ. माती ओली हवी, नाहीतर आवाज बसतो. सगळ्या गल्लीत बारा महिने ओली राहणारी माती एकच, काकूंच्या तुळशीवृंदावनातली. रोज सकाळी त्या तांब्याभर पाणी घालत. तात्यांनी अर्थ तिथे पुरला.

यानंतर खांबेट्यांच्या घरात ‘अर्थ’ या शब्दाला काही अर्थ राहिला नाही. काकू वैतागून म्हणाल्या, "ह्यात काही अर्थ नाही," की तात्या उठून तांब्या भरून तुळशीकडे निघत. दादा वाण्यांनी एकदा छेडलं, "तात्या, ह्या वयात ह्या उद्योगाला काही अर्थ आहे का हो?" तात्या मान न वळवता म्हणाले, "आहे ना. तुळशीत पुरलाय."

आणि खरंच एका संध्याकाळी मुंबई बोलली. कर्णा नव्हता. डोक्यावर घालायचे हेडफोन होते, गल्लीच्या भाषेत ‘कानडबे’. एका वेळी एकानं ऐकायचं, फार तर दोघांनी एकेक डबा कानाला लावून, गालाला गाल भिडवून. गटारावरून वर्षभर अबोला असलेले दादा वाणी आणि त्यांचे शेजारी एकाच ठुमरीसाठी असे चिकटून बसलेले मी पाहिले आहेत. दोघांनी डोळे मिटून घेतले होते. गाण्यामुळे की एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून, ते सांगता येत नाही. आईनं एकदा गच्चीवरच्या तारेवर ओलं लुगडं वाळत घातलं तेव्हा तात्या धावत आले. "अक्का, मुंबई भिजली हो तुमची."

ऐकत नव्हत्या त्या एकट्या काकू. मी एकदा कानडबे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात झटकले आणि नेहमीचं वाक्य उच्चारलं. तात्या तांब्या घेऊन उठले. आम्ही पोट धरधरून हसलो.

घरी येऊन मी ही गंमत आईला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हसली नाही.

"त्या नाही म्हणतात कारण त्यांना त्यातलं काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून कान जात चाललेत. स्वतःचा आवाजसुद्धा नीट कळत नाही त्यांना. ते भांडण नव्हेच."

"मग तात्या ओरडतात ते?"

"ओरडल्याशिवाय पोचणार कसं? आणि ओरडायचं म्हणजे तुम्हा सगळ्यांना ऐकू जाणार. नवऱ्यानं बायकोशी मिठाखेरीज काय बोलायचं रे, सगळी गल्ली कान लावून बसलेली असताना?"

तांदळातला खडा तिनं बाजूला टाकला. मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रेडिओ बंद पडला. तात्या म्हणाले, "रुसलाय," आणि चक्क त्याच्याकडे पाठ फिरवली. रुसलेल्या यंत्राची समजूत न काढणारे तात्या आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. गल्ली कासावीस झाली. "समजूत काढा की," दादा वाणी दुकानातून ओरडत. "आम्ही गुळाचा खडा देतो त्याला." तात्या नुसते हसत. कचेरीतून परस्पर जुन्या बाजारात जात. तिथून मोडक्या टेलिफोनची एक चकती, कसले कसले स्क्रू, असं काहीबाही रुमालात बांधून आणत. आतून दार लावून घेत.

शेवटी गल्लीनं मला वकील नेमलं. रविवारी दुपारी मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारणार तेवढ्यात आतलं दिसलं आणि हाक तोंडातच राहिली.

काकू पाटावर बसल्या होत्या. डोक्यावर कानडबे, त्यावरून पदर नीट घेतलेला. चिरूटाचा डबा कोपऱ्यात उपडा पडला होता. त्याची बॅटरी आता तात्यांच्या पायाशी होती आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तात्या बसले होते, हातात टेलिफोनचं बोलायचं तोंड घेऊन. कानडब्यांची तार त्यालाच जोडलेली होती, म्हणजे इथे पुटपुटलेलंही तिथे कानात मोठं होऊन पडावं. मुंबईचा इथे काही संबंध उरला नव्हता.

तात्या बोलत होते. चार घरं हलवणारा तो माणूस इतक्या हळू बोलत होता की मला दारात एक अक्षर ऐकू आलं नाही. फक्त ओठ हलताना दिसले. अडखळत होते. मध्येच थांबून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा तोंड जवळ घेतलं आणि पुन्हा बोलले.

काकू एकदम लाजल्या. त्या सटाण्याकडच्या. लग्न होऊन शहरात आल्यापासून माहेरची अहिराणी बोली त्यांनी गल्लीत कोणाला ऐकवली नव्हती. ती त्या क्षणी आपोआप बाहेर आली, आणि तीही त्यांच्या नेहमीच्या आवाजात.

"काही लाज शे का नही तुम्हले?"

पाठीमागचे हातोडे थांबले. दादा वाण्यांच्या तागडीचा आवाजही थांबला. मी दारापासून मागे सरलो. आजवर तात्यांनी आम्हाला घड्याळं दिली, गाणी दिली, भिंतीवरची बासुंदी दिली, आणि आम्ही त्यांना फक्त हशा दिला. या सगळ्याबद्दल त्यांचे आभार मानायचे तर तेवढं एकच करता येण्यासारखं होतं. मी अंगणात आलो आणि ओठांवर बोट ठेवून गल्लीकडे पाहिलं.

सगळे गप्प झाले. मग काकूंचं पुढचं वाक्य आलं, तितकंच मोठं, थेट भद्रकालीच्या देवळापर्यंत जाणारं.

"परत सांगा."

दादा वाण्यांनी दुकानाची एक फळी आवाज न करता लावून घेतली, मग दुसरी. त्यानंतर आमच्या गल्लीत रेडिओ कधी सुरू होणार म्हणून तात्यांना कोणी विचारलं नाही.