पेण ते रोहा, एका चाकावर

शेजारच्या मेडिकलवाल्याकडे एझ्राचा फोन आला, तो थेट इस्रायलहून. सॉलोमन पेणकर सायकलचं दुकान तसंच उघडं टाकून धावत गेला. तिकडून मुलगा म्हणाला, "पप्पा, आता तुमचं वय झालं. दुकान विका नि इकडे या. मम्मीला तर कधीचं यायचंय."

यापुढचं सॉलोमनने ऐकलं नाही. 'वय झालं' एवढंच त्याच्या कानात घुसलं आणि तिथेच अडकून बसलं. पोरगा वर्षानुवर्षं ज्याच्या खांद्यावर बसून शाळेत गेला, त्याचं वय झालं? रिसीव्हर त्याने मागोमाग आलेल्या बायकोच्या, लीयाच्या हातात कोंबला आणि तरातरा घरी येऊन माळ्यावरची एकचाकी सायकल खाली काढली.

ही एकचाकी त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने बनवली होती. पेणला सर्कस आली होती, तिथल्या एका विदूषकाचं बघून. तेव्हापासून दर वाढदिवसाला तो तिच्यावरून बाजारातून एक फेरी मारायचा. लोक टाळ्या वाजवायचे, लीया कपाळाला हात लावायची आणि वाढदिवस संपायचा.

"या रविवारी मला पंचावन्न पुरी होतात," त्याने लीयाला सांगितलं. "बाजारात फेरी नाय. हिच्यावरून रोह्याला जाणार, तामारकडे."

तामार ही लीयाची बहीण. रोह्याला दिली होती.

"रोह्याला? घाटातल्या ट्रकवाल्यांनी काय गुन्हा केलाय?" लीया म्हणाली. मग जरा विचार करून तिने पदर खोचला. "बरं, जा. पण वाटेत कुठल्याही वाहनात बसलात, तर दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या फोटोला बसायचं."

"आणि नाय बसलो तर?"

"तर मी जाण्याचं नाव काढणार नाय."

लीया शब्दाला पक्की होती आणि सॉलोमन रागाला. रविवारी सकाळी ती पहिल्या एसटीने रोह्याला पुढे गेली, मलिद्याचे, म्हणजे ज्यू घरात एलियाहू नबीच्या नावाने करतात त्या गोड प्रसादाचे, पोहे आणि नारळ पिशवीत घेऊन. सॉलोमन निघाला मागून, दोन मित्रांना घेऊन. जोहे गावचा गुणाजी त्याच्या जुन्या सायकलवर, भातशेतीतून सवड काढून आलेला. आणि दत्तात्रेय लुनावर, पाण्याची कळशी, केळी आणि मलमपट्टी घेऊन. दत्तात्रेय कंपनीत रात्रपाळी करून तसाच आला होता, त्यामुळे लुनावर तो कधी जागा असायचा, कधी नसायचा.

पेण सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग हायवे लागला आणि प्रश्न सुरू झाले.

"काका, दुसरं चाक कुठं पडलं?"

पहिल्या माणसाला सॉलोमनने हसून उत्तर दिलं. दुसऱ्याला न हसता दिलं. वडखळला पोचेपर्यंत उत्तर देण्याच्या आवाजात तो जवळजवळ शिव्या देत होता. आता एकचाकीची अडचण अशी की तिच्यावर उभं राहून गप्पा मारता येत नाहीत. थांबलं की उतरावं लागतं, आणि पुन्हा चढायला कुणाचातरी खांदा लागतो. हा खांदा गुणाजीचा. दर प्रश्नाला गुणाजी सायकल स्टँडवर लावायचा, खांदा द्यायचा, सायकल काढायचा. एका ट्रकवाल्याने तर गाडी कडेला घेतली, खाली उतरून रस्त्याकडेच्या झुडपात दोघातिघांना चाक शोधायला लावलं आणि सॉलोमनला प्रेमाने म्हणाला, "बसा मागं. चाक नाय मिळालं तरी घरी सोडतो."

"अहो, चाक एकच असतं हिला!" सॉलोमन ओरडला.

"असं कसं एकच असंल? दुकानदारानं फसवला तुमाला."

"दुकानदार मीच आहे!"

ट्रकवाल्याने गुणाजीकडे दयेने पाहिलं आणि तो निघून गेला.

पुढच्या टपरीवर पुन्हा चारपाच माणसं रस्त्यात आली, तेव्हा मात्र गुणाजीच्या खांद्याने हाय खाल्ली. सॉलोमन तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नवस हाय."

काय चमत्कार! माणसं बाजूला झाली. एकाने टोपी काढली. चहावाल्याने न मागता दोन चहा आणले.

"कुठल्या देवाचा?" कुणीतरी हळूच विचारलं.

"त्यांच्या एलियाहू नबीचा. लय जागृत हाय."

"गुणाजी!" सॉलोमन उसळला. "मी कसला नवस केला रे? माझा वाढ..."

"मौन पण हाय त्यांना," गुणाजी घाईघाईने म्हणाला. "मधीमधी मोडतं."

टपरी मागे पडल्यावर सॉलोमनने त्याला फैलावर घेतलं. माझा नबी तू परस्पर वापरतोस? माझ्या वाढदिवसाला नवस म्हणतोस? लोकांना काय वाटेल, सॉलोमन पेणकर काहीतरी मागायला निघालाय! गुणाजी शांतपणे पेडल मारत म्हणाला, "वाटू दे. रस्ता तर मोकळा झाला ना?"

रस्ता मोकळा झाला, पण बातमी त्यांच्यापेक्षा वेगाने पळाली. पुढे गेलेला दत्तात्रेय नागोठण्याच्या नाक्यावर लुनाला टेकून डुलक्या घेत होता. तिथे बाजाराला आलेल्या निडी गावच्या चंद्रावतीने त्याला हलवून विचारलं, तुमच्या एकचाकीवाल्याचा नवस कशासाठी रे बाबा? या नवसाबद्दल दत्तात्रेय पहिल्यांदाच ऐकत होता. पण मित्राची बाजू पडू द्यायची नाही, एवढं त्याला झोपेतही कळत होतं.

"मुलाकडं इस्रायलला जायाचंय," तो म्हणाला. "दोघांना. ते जमूदे म्हणून."

चंद्रावती मिळेल त्या गाडीने निडीला परत गेली.

सॉलोमन निडीत शिरला तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. बायांनी आरत्या आणल्या होत्या. भजनी मंडळाने टाळ आणले होते. पालखीखालून काढतात तशी चाकाखालून काढायला कुणीतरी त्याच्या पुढ्यात तान्ही मुलं धरली, तेव्हा सॉलोमनचा उरलासुरला धीर संपला. तो धपकन उतरला आणि मुठी आवळून गरजला,

"ऐका! मी नवस केलेला नाही! मला कुठेही जायचं नाही! मी सॉलोमन पेणकर, सायकलवाला, आज माझा वाढदिवस आहे!"

मग चंद्रावतीने हात जोडले. "अंगात आलं गो!"

टाळ सुरू झाले. एक म्हातारी पुढे सरली. "बाबा, माझी सून नांदायला कधी येल?"

"मला काय माहीत? तुम्ही तिला नीट वागवा, मग येईल!"

म्हातारीचा चेहरा पडला आणि बाकीच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. "बघ गो! न सांगता वळखलं."

सॉलोमनला आता रडू येईल की काय असं झालं. तो ओरडेल तेवढं देवपण वाढत होतं. त्याने गुणाजीचा खांदा धरला, दात खात एकचाकीवर चढला आणि जोरात निघाला. नेमकं त्याच वेळी एका भाविकाने दृष्ट काढून चाकापुढे लिंबू टाकलं.

लिंबू फुटलं, चाक सटकलं, आणि सॉलोमन डांबरावर बसला. घोटा पाहता पाहता सुजला. दत्तात्रेय मलमपट्टी घेऊन धावला. गावच्या काळुरामने लगेच टेम्पो काढला. "बसा बाबा. रोह्याला सोडतो."

"टेम्पोत बसणार नाही!" सॉलोमन किंचाळला. "प्राण गेला तरी वाहनात बसणार नाही!"

"नवसात तसंच हाय," गुणाजी गावकऱ्यांना म्हणाला. हे एक वाक्य मात्र त्याने जवळजवळ खरं सांगितलं.

काळुराम विचार करून म्हणाला, "मग उचलून नेऊ."

खुर्ची आली, बांबू आले, दोऱ्या आल्या. सॉलोमन नाही नाही म्हणत असताना गावकऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, झेंडूची माळ घातली आणि खांद्यावर उचललं. पुढे दत्तात्रेय लुनावर, त्याच्या मागे हारांनी झाकलेली एकचाकी खांद्यावर घेतलेला गुणाजी, मग टाळ, मग खुर्ची. खांदेकरी बदलत, वाटेत गावं जोडली जात, मिरवणूक रोह्याकडे निघाली. खुर्चीत सॉलोमन तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत होता ते लोक स्तोत्र समजले. गुणाजीला त्यातले शब्द कळत होते, म्हणून तो मागे वळून बघत नव्हता.

संध्याकाळी तामारच्या दारात आवाज आला तेव्हा लीया हातातलं मलिद्याचं ताट घेऊनच बाहेर आली, मागून तामार. समोरचं दृश्य बघून लीयाने खुर्चीकडे बोट केलं.

"हे वाहन नाय का?"

"खुर्ची आहे!" सॉलोमन वरून ओरडला. "तामार, तू सांग! खुर्ची वाहन असते का?"

तामारने बहिणीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, आणि बहिणीच्या हातातलं ताट सावरलं. पण काळुराम पुढे झाला. "वाहन नाय, वयनी. आमी आमच्या पायांनी आनलंय. शब्द मोडला नाय त्यांनी. आता तुमी दोघं बिनघोर जावा तिकडं."

"कुठं?" लीयाने विचारलं.

"इस्रायलला! नवस पुरा झाला ना. आता राहू नका हितं."

"लवकर जावा," चंद्रावती म्हणाली. "उशीर करू नका गो."

"जावाच!" मागून बाकीचे ओरडले. रोहेकर शेजारीही त्यात मिसळले. एक जण दुकान कुणाला देणार ते विचारू लागला, दुसऱ्याने घराची चौकशी केली, तिसऱ्याने स्टेशनवर सोडायला यायचं कबूल करून टाकलं.

लीया ऐकत होती. तिचे कान लाल झाले. तिने मलिद्याचं ताट तामारच्या हातात दिलं आणि पायरीवर उभी राहिली.

"काय हो, एवढे का मागे लागलात आमच्या? आम्ही काय भाडेकरू आहोत? माझी आजी, तिची आजी, सगळ्या इथल्याच मातीत आहेत. निघाले सगळे आम्हाला पोचवायला! आम्ही कुठं जाणार नाय. जा, सांगा सगळ्यांना."

गर्दी गोंधळली. चंद्रावती भीत भीत म्हणाली, "हिच्यापन अंगात आलं."

"आलं तर आलं!" लीया म्हणाली. "मलिदा खा आणि घरी जा."

सगळ्यांनी मलिदा खाल्ला. तामारने सॉलोमनचा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला. मिरवणूक पांगली, दत्तात्रेय ओसरीवर आडवा झाला आणि गुणाजीने शेवटी खांद्याला तेल चोळायला घेतलं. सॉलोमन मात्र घमेल्यात पाय ठेवून लीयाकडे बघत बसला होता. इतक्या दिवसांचं भांडण तो जिंकला होता आणि तरी कुणीतरी त्याच्या हातातून ते काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "महिनाभर जाऊन आलो तर? एझ्राच्या पोराला बघून येऊ. महिनाभराने काय बिघडतं?"

"नाय म्हटलं ना एकदा."

"अगं, पण तुलाच जायचं होतं ना!" सॉलोमन संतापून घमेल्यात उभा राहिला, कळवळला आणि पुन्हा बसला. "नातवाला भेटायचं नाय? अशी कशी तू आजी?"

लीयाने त्याच्या पुढ्यात मलिद्याची वाटी सरकवली.

"वाढदिवस तुमचा आहे," ती म्हणाली. "आधी खा. मग भांडू."