अर्ध्या फोनची कादंबरी

लेखकाला घरात स्वतंत्र खोली होती, खोलीला खिडकी होती आणि खिडकीत झाड होतं. मुलाखत घ्यायला येणाऱ्यांना तो ती खोली आवर्जून दाखवी. "मला नीरव शांतता लागते," असं सांगून तो फोटोपुरता झाडाकडे बघे. फोटोवाला जिना उतरला की टाइपरायटर उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलावर आणी. टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं, आणि भिंतीपलीकडे त्याची बायको दुपारी भांडी आवरता आवरता आपल्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत असे.

त्याच्या आजवरच्या सगळ्या कादंबऱ्या त्या भिंतीतून आल्या होत्या. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. फोनची एकच बाजू ऐकू येत असल्यामुळे त्याच्या पात्रांचे संवादही एकाच बाजूचे असत. एक पात्र प्रश्न विचारी, दुसरं गप्प राही आणि मग पहिलंच थक्क होई. समीक्षकांना हे फार आवडलं. त्यांनी त्याला मौनाची शैली असं नाव दिलं, आणि एका प्राध्यापिकेने त्यावर प्रबंध लिहायला घेतला. हे माझ्याकडून आपोआप होतं, असं लेखक नम्रपणे सांगे, आणि तेवढं मात्र अगदी खरं होतं.

बायको त्याच्या लेखनाला जिवापाड जपे. मीटर बघणारा येवो की सख्खा मामा, ती दार अर्धवट उघडून हळू आवाजात सांगे, "आत लेखन चाललंय, नंतर या." अख्ख्या इमारतीला ते वाक्य पाठ झालं होतं. लोक जिन्यातून जाताना त्यांच्या दारापाशी आपोआप पाय हलके टाकत.

नवी कादंबरी दोन भावांची होती. हे भाऊ मेहुणीच्या घरासमोर राहत. भांडणातून त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि त्यानंतर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. लेखक रोज दुपारी त्यांची खबर ऐकत होता आणि टाइप करत होता. आता फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. प्रकाशकाने मुखपृष्ठ छापलं होतं, समारंभाला सभागृह ठरवलं होतं आणि अध्यक्षांचं भाषणही तयार होतं. अशात एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "काय सांगतेस ताई? थोरल्याने भिंत पाडायला घेतली? स्वतःच्या हाताने? मग पलीकडे काय निघालं?"

लेखकाची बोटं हवेत थांबली. पलीकडे एकच भांडं पुन्हा पुन्हा घासलं जात होतं. शेवटी बायको म्हणाली, "बरं, उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन गच्चीवर निघून गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. लेखकाने चेहरा शक्य तितका साधा ठेवून कारण विचारलं, तर ती म्हणाली, "असू दे हो, शेवटचं प्रकरण आहे, शांतता हवी." इतकी वर्षं मुलाखतींमधून त्याने हेच तर मागितलं होतं.

आधी त्याने स्वतःच शेवट रचून पाहिला. भिंत पडते आणि पलीकडे धाकटा भाऊ रडत उभा असतो, असं लिहिलं. वाचून त्यालाच संकोच वाटला. मग धाकटा घर सोडून कधीच निघून गेलेला असतो, असं लिहिलं, पण त्याच्याकडच्या चुलीच्या धुराचं वर्णन मागे प्रकरणभर येऊन गेलं होतं. मौनाची शैली तर जमेच ना, कारण आता दोन्ही पात्रं गप्प बसली होती. प्रकाशकाचा फोन आला की तो "परिष्करण चालू आहे," असं सांगू लागला.

मग तो धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेला. त्याला पाहताच बायकोने बोलणं थांबवलं आणि ती खाली निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो टाकीच्या आडून कपडे वाळत घालू लागला, तरी त्याच्या चपलेचा आवाज झालाच. कपडे संपले तेव्हा त्याने वाळलेले कपडे पुन्हा ओले केले. त्याच्या पदरात ऐकण्यासारखं एक वाक्य पडलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने मात्र हे सगळं पाहिलं आणि नवऱ्याला ऐकवलं. पाहता पाहता इमारतीतल्या बऱ्याच नवऱ्यांच्या हातात बादल्या आल्या. ते जिन्यात लेखकाकडे फारशा प्रेमाने बघत नसत.

गच्चीच बंद झाली तर बायको स्वयंपाकघरात परतेल, असा हिशेब करून त्याने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. नेमकी त्याच दुपारी टाकी भरून वाहू लागली. पंप खालून बंद होईना आणि वर कुणाला जाता येईना. पाणी जिन्यावरून पायरी पायरी उतरत सगळ्यांच्या दारात आलं. किल्ली काढावी तर आपलं बिंग फुटणार, म्हणून लेखकही इतरांबरोबर कुलूप फोडायला लागला. त्यात त्याचा अंगठा ठेचला. संध्याकाळी बैठक बसली आणि गच्चीचं दार यापुढे कायम उघडं राहील असं ठरलं. ठरावाला अनुमोदन द्यायला लेखकालाच उभं केलं, कारण शब्द त्याच्याकडे होते.

अंगठ्याला पट्टी बांधून तो दुसऱ्या दिवशी दुपारी थेट मेहुणीकडे गेला; लेखनाच्या सबबीखाली त्याने तिचं हे घर आजवर पाहिलंच नव्हतं. ती भिंत आणि ते भाऊ आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, असं त्याने ठरवलं होतं. मेहुणीच्या खिडकीतून त्याने बाहेर पाहिलं. समोर पेट्रोल पंप होता.

"ताई, समोर दोन भाऊ राहतात ना?"

"कुठे? पंपावर?"

"भिंत घातली होती त्यांनी. थोरला पाडतोय."

मेहुणीने टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही अजून तिने," ती म्हणाली. "बसा भावजी."

पहिल्या कादंबरीच्या वेळी आपण खरंच काहीबाही सांगत होतो, असं मेहुणीने सांगितलं. ती छापून आली तेव्हा धाकटीने वाचून सगळं ओळखलं. मग आपल्याकडचं सांगण्यासारखं संपलं. तेव्हा भावजी दिवसभर घरात येरझाऱ्या घालू लागले आणि स्वयंपाकघरातले डबे काढून नव्याने लावू लागले. मीठ आणि साखर शेजारी शेजारी आली तेव्हा धाकटीने निर्णय घेतला. तेव्हापासून ती रोज फोन लावते, तिकडूनच सगळं रचून भिंतीकडे तोंड करून मोठ्याने बोलते, आणि आपण फोन बाजूला ठेवून मालिका बघतो.

"मग आता गच्चीवर का जाते?"

"शेवट सुचत नाहीये तिला. म्हणते, तुमच्या टाइपरायटरच्या खटखटीत डोकंच चालत नाही. तिथे गेली तर तुम्ही बादली घेऊन हजर."

लेखकाला राग यायला हवा होता. निदान लाज तरी वाटायला हवी होती, आणि ती पुढे यथावकाश वाटलीही. पण त्या क्षणी त्याच्या मनात एकच विचार होता. तिला शेवट सुचेल ना?

तो घरी आला तेव्हा बायको ओट्यापाशी उभी होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने नळ बंद केला.

"ताईकडे गेला होतात?"

"हो."

"समोर काय दिसलं?"

"पेट्रोल पंप."

ती हात पुसत खुर्चीवर बसली. म्हणाली, "भिंत पाडल्यावर पलीकडे आणखी एक भिंत निघते, असं मनात आहे. धाकट्यानेही त्याच्या बाजूने वेगळी घातलेली. पण पुढे अडलंय."

एवढं चांगलं त्याला जन्मात सुचलं नसतं. "मग थोरला असं करेल की—"

"तुम्ही मधे बोलू नका," बायको म्हणाली. "तंद्री मोडते."

त्याने टाइपरायटर उचलून कपाटात ठेवला, तिच्यासमोर चहाचा कप ठेवला, चपला हातात घेतल्या आणि दार आवाज न करता ओढून जिन्यात येऊन बसला. थोड्या वेळाने शेजारीण वर आली. गच्चीवर राहिलेले कपड्यांचे चिमटे परत करायचे म्हणून तिने बेलकडे हात नेला, तसं लेखकाने तोंडावर बोट ठेवलं.

"आत लेखन चाललंय," तो कुजबुजला. "नंतर या."

शेजारणीने सवयीने मान हलवली आणि ती पाय न वाजवता दोन पायऱ्या उतरली. मग थांबली, आणि वळून त्याच्याकडे बघायला लागली.