बारा बाटल्या गाळ

जावयाच्या घरी राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या बारा बाटल्या घासून लख्ख केल्या. त्यांत ओढ्याचं गढूळ पाणी होतं, प्रत्येकीवर तारीख होती आणि जावयाने महिनाभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्या भरल्या होत्या. पण असल्या क्षुल्लक कारणांनी सासूबाईंची स्वच्छता अडत नसे. वर मोठ्या मनाने त्यांनी बाटल्या पिण्याच्या पाण्याने भरूनही ठेवल्या.

जावई ओढ्यावरचा मोजणीदार. पाणी किती वेगाने वाहतं ते यंत्राने मोजायचं आणि त्यातून किती गाळ जातो ते कळावं म्हणून नमुने भरून प्रयोगशाळेत पाठवायचे, हे काम तो अकरा वर्षं हंगामी म्हणून करत होता. त्याला कायम करायचं की घरी बसवायचं, हे या नमुन्यांवर ठरणार होतं. ते न्यायला गाडी तासाभरात यायची होती.

"अहो जावईबापू, तळाशी चिखल बसला होता," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आम्ही तो चिखलच मोजतो."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. "आणि तू सगळ्यांना सांगतेस, चांगली नोकरी आहे म्हणून."

ओढा दोन तासांवर. 'नमुने सासूबाईंनी धुतले' असं लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. पाचावर धारण बसलेल्या जावयाने कुंडीतली माती चाळली आणि प्रत्येक बाटलीत एकेक चमचा घातली. माणूस मुळात प्रामाणिक, त्यामुळे कुणावर अन्याय नको म्हणून त्याने प्रत्येक चमचा सुरीने सपाट केला. पुराच्या दिवशी गाळ ढिगाने येतो आणि पाणी ओसरलं की चिमूटभर, हे अकरा वर्षांचं ज्ञान त्याला गाडी गेल्यावर आठवलं.

नवव्या दिवशी साहेबांनी बोलावलं, तेव्हा तो कबुलीजबाब लिहून खिशात घालूनच गेला.

"अकरा वर्षं तुमचे आकडे नुसते नाचत होते," साहेब अहवाल हलवत म्हणाले. "वरच्यांना उत्तरं देताना माझ्या नाकी नऊ यायचे. आता पाहा, बाराच्या बारा सारखे."

"साहेब, ओढा रोज सारखा नसतो," तो चाचरत म्हणाला.

"नसेल. मोजणारा तरी असावा."

त्यांनी त्याला कायम करण्याची शिफारस केली. फक्त आणखी एका महिन्याचे नमुने पाहायचे होते. कबुलीजबाब खिशातच राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की पुढचा महिना त्याने जिवावर उदार होऊन काम केलं. भर पुरात तो दोर कमरेला बांधून उतरला, एक बूट वाहून गेला, तापही भरला. बाटल्या त्याने कपाटात कुलूपबंद ठेवल्या आणि स्वतःच्या हाताने गाडीत चढवल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नमुन्यांतल्या गाळात कमालीची तफावत आढळली होती. मोजणीदार ओढ्यावर न जाता घरीच बसून बाटल्या भरत असल्याचा दाट संशय होता, सबब शिफारस मागे घेण्यात येत होती.