स्वतःच्याच खुर्चीसाठी अर्ज

साहेबांनी चहा मागवला तेव्हाच मॅपिंगबाईंनी ओळखलं, की पगार काही वाढत नाही. नऊ वर्षांचा अनुभव होता. द्यायचं असलं की साहेब उभ्या उभ्या देत. नाही म्हणायचं असलं की चहा यायचा.

"यंदा पगाराला हात लावता येत नाही हो बाई. पण तुम्हाला रिकाम्या हाताने नाही पाठवणार. आजपासून तुम्ही विभागप्रमुख! सहायक वगैरे सगळं विसरा."

"पण साहेब, विभागात मी एकटीच आहे."

"मग तर काम सोपंच झालं. भांडायलाही कुणी नाही!"

बाईंनी चहा संपवला आणि जागेवर येऊन बसल्या. त्यांना पद नको होतं. त्यांना साडेपाचला घरी जायचं होतं. रोज आठपर्यंत थांबल्याशिवाय महिना भागत नव्हता आणि थांबून थांबून पाठ कामातून चालली होती. पगार वाढला असता तर ओव्हरटाइम सुटला असता, एवढंच साधं गणित होतं.

कंपनी नळ बनवायची. दुकानांच्या कॉम्प्युटरांकडून ऑर्डरी थेट कंपनीच्या कॉम्प्युटरकडे यायच्या, मध्ये माणूस नाही, कागद नाही. फक्त प्रत्येक दुकानाची तऱ्हा वेगळी. कुणी नळांची संख्या तिसऱ्या रकान्यात लिहिणार, कुणी नवव्या. कोणाचा कुठला रकाना आपल्या कुठल्या रकान्याला जोडायचा, हे बाई ठरवायच्या. या जोडणीला मॅपिंग म्हणतात, म्हणून त्या मॅपिंगबाई. जोडणी चुकली की कुणाकडे बारा नळांऐवजी बाराशे जायचे. चुकली नाही, की बाई आहेत हेसुद्धा कुणाच्या लक्षात यायचं नाही.

घरी सासूबाईंना मात्र बातमी गोड लागली.

"प्रमुख! अगं, मग आता मला लोकांना सांगता तरी येईल. इतकी वर्षं कुणी विचारलं, सून काय करते, की मी म्हणायचे, दोन कॉम्प्युटर बोलतात आणि ही मध्ये उभी असते. लोकांना वाटायचं, तुला नोकरीच नाही."

"आई, पगार तोच आहे."

"असू दे गं. मान वाढला ना?" असं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला. जेवणं होईपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बाई प्रमुख झाल्या होत्या.

दोनच दिवसांनी महिनाअखेर आली आणि पगार आला, तो कमी. बाई एचआरच्या ताईंकडे गेल्या.

"प्रमुखांना ओव्हरटाइम नसतो," ताई हळहळून म्हणाल्या. "पद बदललं की मशीन आपोआप काढून टाकतं. ती जोडणी तर तुम्हीच करून दिली होती मागच्या वर्षी. फार छान चालते हो!"

बाईंना आठवलं. कर्मचाऱ्यांची यादी पगाराच्या यंत्रणेला जोडली ती त्यांनीच. देवाचं नाव घेऊन, एकही चूक न करता. चुकल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

आता आठपर्यंत थांबायचं, तेही फुकट. बरं, न थांबून चालायचं नाही. कारण बाई प्रमुख झाल्या आणि सहायकाची जागा रिकामी झाली. पण मशीन सहायकालाच शोधत होतं. ऑर्डर अडकली की पंधरा मिनिटं ते सहायकाच्या उत्तराची वाट बघे. जागा रिकामी असली की तक्रार वरच्या माणसाकडे, हाही नियम बाईंचाच. त्यामुळे बाई पडद्यावरच्या एका खिडकीत ऑर्डर दुरुस्त करत असायच्या आणि दुसऱ्या खिडकीत त्यांना पत्र यायचं : "आपल्या हाताखालील सहायकाने उत्तर दिलेले नाही. कृपया समज द्यावी."

पहिल्या आठवड्यात अशी एकेचाळीस पत्रं आली. बाईंनी कुणाला समज द्यावी? त्या पाठ चोळत "समज दिली" या चौकटीत खूण करत राहिल्या, आणि मशीन ती समज शेवटच्या सहायकाच्या नावावर लिहीत राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात साहेब केबिनमधून धावत बाहेर आले. एक फोन कानाला, दुसरा हातात वाजतोय.

"बाई, हे कोण लोक आहेत? सकाळपासून छत्तीस जणांनी मला विचारलं, जागा अजून आहे का!"

बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि डोळे मिटले. कर्मचाऱ्यांची यादी त्यांनी पगाराला जोडली होती, तशीच नोकऱ्यांच्या जाहिराती लावणाऱ्या वेबसाइटलाही. जागा रिकामी झाली की जाहिरात आपली आपण जायची. खाली संपर्क म्हणून साहेबांचा नंबर.

"सहायकाच्या जागेची जाहिरात गेली आहे साहेब."

"कुणी दिली?"

"कुणीच नाही. पद्धतच आहे तशी."

"आणि पगार? पगार किती टाकलाय?"

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पगाराचा रकाना भरायला साहेब दर वेळी विसरायचे. म्हणून बाईंनी सोय केली होती : रकाना कोरा असेल, तर या पदाला आज बाजारात जो पगार चालतो तो वेबसाइटनेच भरावा. वेबसाइटने भरला होता. तो प्रमुखांच्या पगाराच्या दीडपट होता.

साहेबांनी आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. त्यांनी चहा मागवला नाही, यावरून बाईंनी ओळखलं, की ते खरोखर हादरले आहेत.

"काढून टाका."

"मुख्य कचेरीत मंजूर होऊन आलीय साहेब. त्यांचंही मशीनच मंजूर करतं. काढायची तर लेखी कारण द्यावं लागेल, की ही जागा मुळात लागतच नाही."

"मग काम कोण करणार?"

"तेच ते विचारतील."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. साहेबांनी तो खुर्चीवरच्या उशीखाली दाबला. "घ्या! कुणालाही घ्या! जो सगळ्यात लायक असेल त्याला घ्या आणि हा नंबर बंद करा. कागद आणा, मी सही करतो."

निवड करायची विभागप्रमुखांनी. बाई जागेवर येऊन बसल्या. एकशे त्रेचाळीस अर्ज आले होते. मशीनने ते लायकीप्रमाणे लावून ठेवले होते. आधी कंपनीतलाच कुणी मिळतो का ते बघायचं आणि मग बाहेरचे, असा क्रम होता. दुसऱ्या क्रमांकावर बहात्तर टक्के जुळणारा एक उमेदवार. पहिल्या क्रमांकावर शंभर टक्के. अनुभव नऊ वर्षं, सर्व जोडण्यांची माहिती, वक्तशीर. गेल्या पंधरवड्यात वरिष्ठांकडून समज : ऐंशी वेळा.

बाईंनी नाव दोनदा वाचलं. मग पाण्याचा घोट घेतला.

आजवर त्यांनी कुणाच्या ताटातलं काही उचललं नव्हतं. हे उचलणं म्हणायचं का? त्या पाच मिनिटं विचार करत बसल्या. काम त्यांचंच, खुर्ची त्यांचीच, फक्त मधला रकाना चुकला होता. आणि चुकलेला रकाना बरोबर जागी जोडणं हीच तर त्यांची नोकरी.

त्यांनी उमेदवाराला पत्र पाठवलं. उमेदवाराचा होकार लगेच आला.

संध्याकाळी पाच वाजता त्या कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. "साहेब, वाचून घ्या एकदा."

"लायक आहे ना?"

"काम येतं तिला."

"उद्यापासून येईल?"

"आलेलीच आहे साहेब. वाचा तरी."

"तुमच्यावर विश्वास आहे हो!" साहेबांनी सही ठोकली. मग सहीच्या वरचं नाव त्यांच्या नजरेस पडलं. ते कागदाकडे बघत राहिले, मग बाईंकडे.

"मग प्रमुख कोण?"

"ती जागा रिकामी झाली आता. जागा रिकामी असली, की तक्रार वरच्या माणसाकडे जाते."

"वरचा म्हणजे..."

साहेबांच्या टेबलावर टिंग झालं. "आपल्या हाताखालील" एवढं वाचून त्यांनी चष्मा काढला.

बाई साडेपाचला निघाल्या. रस्त्यावर अजून ऊन होतं, हे त्यांना कितीतरी वर्षांनी दिसलं. घरी सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "इतक्या लवकर? काय झालं गं?"

"मी परत सहायक झाले, आई."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! एवढ्या सगळ्यांना सांगून बसले मी. खाली उतरवलं तुला?"

"हो."

"आणि पगार?"

"दीडपट झाला."

सासूबाईंनी दार लावून घेतलं. मग पदर सावरून, शेजारी ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आणखी एकदा उतरवतात का, विचारून बघ ना."