चिमणीने कळवलेला वसंत

"यंदा वसंत आधी माझ्याकडे आलाय!" नानांनी चहाचा कप ठेवत जाहीर केलं. ऐकायला फक्त बायको होती, म्हणून त्यांना इतकं ठणकावून बोलता आलं. एरवी चार माणसांत नानांचा आवाज ओठांच्या बाहेर पडत नसे. छत्तीस वर्षं ग्रंथालयात 'शांतता पाळा'च्या पाटीखाली बसल्यावर दुसरं काय होणार!

"कशावरून?"

"चिमणी काड्या गोळा करतेय. कुंडीतल्या झाडाला पालवी फुटलीय. आणि खिडकीतला वारा बघ, चक्क कोमट! तिन्ही खुणा वहीत बसतात."

ही वही म्हणजे नानांचा जीव की प्राण. पहिलं घरटं, पहिली पालवी, मफलर सुटल्याचा पहिला दिवस, सगळ्याची तारीखवार नोंद. तिच्या जोरावर नाना दर वर्षी जिन्यापाशी चिठ्ठी लावत : 'वसंत आला.' ती दिसली की लगेच रखवालदार तळघरातला बॉयलर बंद करून सफाईसाठी उघडायला घेई. चाळीस घरांच्या खोल्या हिवाळाभर या बॉयलरवर गरम होत. वर्षभरात नाना चाळीस घरांशी एवढं एकच वाक्य बोलत, आणि अकरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

"पण दर वर्षीपेक्षा हे तीन आठवडे आधी होतंय," बायको म्हणाली.

"पक्षी कॅलेंडर बघत नाहीत!"

"निदान समोरच्या मास्तरांना विचारा. त्यांच्याकडे थर्मामीटर आहे."

झालं! निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले मास्तर नानांच्या वहीला 'कवितासंग्रह' म्हणत. दहाव्या मिनिटाला चिठ्ठी जिन्यापाशी लागली. संध्याकाळपर्यंत बॉयलरचे इतके तुकडे झाले होते, की रखवालदाराला स्वतःला बसायला तळघरात जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून इमारत कुडकुडायला लागली. माणसं जिन्यात भेटली की आधी दात वाजत, मग नमस्कार होई. नाना मात्र बिनबाह्यांच्या बनियनवर! मास्तर दोन स्वेटर, कानटोपी आणि वर घोंगडी घेऊन दारात उभे राहिले. त्यांचं फक्त नाक दिसत होतं, आणि तेही जांभळं.

"नाना, हा वसंत?"

"मास्तर, थंडीची मनाला सवय लागलेली असते," नाना पुटपुटले. "खिडकी उघडून बघा ना. वारा आत येऊ द्या."

मास्तरांनी खिडकी उघडली. संध्याकाळी त्यांचा आवाज पार बसला. मग दाराखालून चिठ्ठ्या यायला लागल्या. 'माझ्या खोलीत सात अंश. आपल्या चिमणीचं काय म्हणणं?'

"लोक फार नाजूक झालेत," नाना बायकोला म्हणाले. "जरा पंखा लाव."

सोमवारी सकाळी नाना वही घेऊन खिडकीशी बसले आणि ताडकन उठले. वारा बर्फासारखा होता! चिमणी लोकरीच्या गुंड्यासारखी फुगून बसली होती. कशावर बसलीय म्हणून नाना वाकले, तर खिडकीच्या बरोब्बर खाली पत्र्याची चकचकीत नळी! घरटं नळीच्या पाठीवर होतं आणि नळी तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीतून वर आली होती.

नाना जिना उतरून धावले. लॉन्ड्रीचं शटर बंद. लॉन्ड्रीवाला मागच्या दारात दात घासत होता. नानांनी वरच्या नळीकडे बोट दाखवलं.

"आज सुट्टी, नाना! ती नळी ना? कपडे वाळवायचं नवीन यंत्र घेतलंय. गरम हवा तुमच्या खिडकीशी निघते. त्रास नाही ना होत?"

"क... कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस!"

नाना तिथल्या पायरीवरच बसले. चाळीस घरांचा वसंत लॉन्ड्रीतून आला होता!

त्याच दिवशी चार वाजता मास्तरांनी तळघरात सभा बोलावली होती. नाना जेवले नाहीत. "मी सगळं खरं सांगून टाकतो," ते म्हणाले.

"सांगा. पण मफलर घालून जा," बायको म्हणाली.

आवाज नसल्यामुळे मास्तर पाटी घेऊन आले होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत : 'वही बंद करा! यापुढे थर्मामीटर!'

नाना उभे राहिले. अकरा वर्षांची वही त्यांनी छातीशी धरली होती. "मी चुकलो. तो वारा लॉन्ड्रीचा..."

"मोठ्याने!" मागून कोणीतरी ओरडलं.

तेवढ्यात रखवालदार लोखंडाचा एक पत्रा घेऊन पुढे आला. "आधी हे बघा! बॉयलरच्या आतला पत्रा. भेगेतून बोट आरपार जातंय! दुरुस्तीवाला म्हणाला, अजून आठवडाभर चालवला असता, तर फुटलाच असता. परवा नवीन पत्रा बसतोय."

पत्रा हातोहात फिरला. जो तो भेगेत बोट घालून बघू लागला.

"म्हणजे नानांमुळे वाचलो!" कोणीतरी म्हणालं.

"नाही हो, माझी चूकच..."

"बघा, किती साधा माणूस!"

नानांनी एकूण तीनदा गुन्हा कबूल केला. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. शेवटी मास्तरांनी पाटी पुसली आणि नाइलाजाने लिहिलं : 'वही चालू ठेवावी.' सकाळपासून छातीत अडकलेला श्वास नानांनी सोडला, तो इतका मोठा की शेजारच्याची टोपी हलली. घरी येऊन ते दोन वेळचं एकदम जेवले.

पुढच्या सोमवारी बॉयलर सुरू होता. खोली उबदार, नाना निवांत. बायकोने टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

"मला कशाला?"

"तुम्हाला नाही. घरट्यात तीन अंडी आहेत आणि लॉन्ड्री बंद आहे. बिचारी तुमच्यासारखीच फसली. फरक एवढाच, की तिने जिन्यापाशी चिठ्ठी लावली नाही."

नाना खिडकीतून वाकले आणि पिशवी नळीला टेकवून उभे राहिले. तेवढ्यात दाराखालून मास्तरांची चिठ्ठी सरकली. तळघरात नानांचं बोलणं निदान एका माणसाने तरी नीट ऐकलं होतं!

'वहिनी, बाहेर अजून नऊच अंश आहेत. कृपया नाना आणि चिमणी, दोघांनाही सांगावे.'