वयोमानानुसार समाधानकारक दिवा

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नंदनवन वस्तीतल्या बाबनराव रेवतकरांच्या मोटारीत एक दिवा लागला. दिवा नारिंगी होता, नखाएवढा होता आणि त्यावर इंजिनाचं चित्र होतं. मोटार सोळा वर्षांची होती. बाबनराव चौसष्ट वर्षांचे होते आणि एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यामुळे वरून आदेश नसताना एखादी गोष्ट आपोआप सुरू झाली की ते दचकत.

शेजारी त्यांच्या पत्नी अनुसयाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नरखेडकडच्या त्यांच्या माहेरच्या गावाहून भावाचा फोन आला होता. शहाऐंशी वर्षांची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता पडल्या पडल्या दर तासाला विचारते, अनू आली का?

"काहून थांबले? चला ना."

"दिवा लागून राहिला वं."

"मंग? ब्रेक लागते ना? हॉर्न वाजते ना?"

"कारण समजल्याशिवाय गाडी इतक्या दूर नाही नेता येत."

"मंग एसटीनं जाऊ."

एसटीचं नाव निघताच बाबनरावांचा चेहरा उतरला. मोटार घेतल्यापासून ते सासुरवाडीला मोटारीनंच जात. गावाच्या वेशीपासून मेव्हण्याच्या अंगणापर्यंत हॉर्न वाजवत जात, आणि उतरण्याआधी कोणीतरी बाहेर येईपर्यंत काच खाली करून बसत. असा जावई फाट्यावर एसटीतून उतरून पायी आला, तर गावानं काय समजायचं? "दोन दिवसांत दुरुस्त करून आणतो, मग थाटात जाऊ," ते म्हणाले. आजारी सासूला पाहायला थाटात कशासाठी जायचं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. अडचणीचे प्रश्न वरिष्ठांकडे पाठवायची त्यांना सवय होती आणि आता वरिष्ठ कोणी उरले नव्हते.

सर्व्हिस सेंटरात आर्यन नावाचे सल्लागार होते. त्यांनी गाडीला यंत्र जोडलं, पडद्यावरचा कोड वाचला आणि पुसला. दिवा विझला. मग त्यांनी एक छापील कागद दिला. 'ग्राहकाच्या तक्रारीच्या अनुषंगाने तपासणी करण्यात आली असता दिवा आढळून आला नाही. तक्रार निकाली.'

बाबनरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं त्यांनी स्वतः अशीच वाक्यं लिहिली होती, पण 'आढळून आला नाही' इतकं सफाईनं त्यांनाही कधी जमलं नव्हतं. ते खुशीत निघाले. जगनाडे चौकात दिवा पुन्हा लागला.

दुसऱ्या खेपेला सेन्सर बदलायचं ठरलं. सेन्सर पुण्याहून यायचा होता आणि तो आठ दिवसांनी आला. अनुसयाबाई रोज सकाळी "आज?" विचारत आणि बाबनराव "प्रकरण प्रगतिपथावर आहे" असं सांगत. एकदा भावानं मोटरसायकल घेऊन येतो म्हटलं, तर बाबनरावांना तो अपमान वाटला. "घरी गाडी असून माझी बायको मोटरसायकलवर?" ते ओरडले. गाडी घरी नव्हतीच, सर्व्हिस सेंटरात होती, पण मुद्दा तत्त्वाचा होता.

नवा सेन्सर बसला आणि दिवा आधीपेक्षा ठळक लागला.

"आता झालं बरोबर," आर्यन समाधानानं म्हणाले. "जुना सेन्सर कमजोर होता सर. नवीनवाला दोष एकदम मस्त पकडून राहिला."

"पण दोष कोणता?"

"त्यासाठी इंजिन खोला लागते. तसं या वयाच्या गाडीले एवढा दिवा नॉर्मल आहे. मी लिहूनच देतो ना तुम्हाले."

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. 'वाहनाच्या वयोमानानुसार दिवा समाधानकारक आहे.' खाली सही होती आणि गोल शिक्का होता.

जोडीला आणखी एक कागद असावा म्हणून बाबनराव प्रदूषण तपासायला गेले. तिथल्या माणसानं नंबरप्लेटचा फोटो काढला. धूर मोजायची नळी चार फुटांवर खिळ्याला टांगलेली होती.

"धूर नाही पाहाचा का गा?"

"नंबर साफ दिसून राहिला ना काका. पास आहे गाडी."

आता एका बाजूला शिक्क्याचे दोन कागद होते आणि दुसऱ्या बाजूला एक दिवा. दिव्याला सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता. बाबनरावांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, कागदावर विश्वास ठेवला. दिवा डोळ्यांना टोचू नये म्हणून त्यांनी घरच्या आरशावरची अनुसयाबाईंची एक मोठी मरून टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. बाराव्या दिवशी दोघं निघाली.

काटोल ओलांडल्यावर गाडीनं तीन गचके दिले आणि ती एका संत्र्याच्या बागेसमोर बंद पडली. बाबनरावांनी दोन्ही कागद काढून वाचले. कागद बरोबर होते.

 अनुसयाबाई पिशवी घेऊन उतरल्या आणि मागून येणाऱ्या एसटीला त्यांनी हात दाखवला.

"चला," त्या म्हणाल्या.

"गाडी सोडून?"

"मंग बसा."

अनुसयाबाईंना घेऊन एसटी गेली. तासाभरानं त्यांचा फोन आला.

"पोचली मी."

"आई कशी आहे?"

"परवापर्यंत विचारत होती म्हणे, अनू आली का. आता मी समोर बसून सांगून राहिली, आई, अनू आली. तर म्हणते, बाई, तुम्ही कोणाच्या?"

फोन बंद झाला. बाबनरावांना स्वतःची लाज वाटली. बारा दिवसांत बारा एसट्या नव्हे, पन्नास गेल्या असतील, आणि त्यांच्या हॉर्नच्या हौसेपायी त्यातली एकही बायकोला मिळाली नाही. डोळे पुसत असतानाच पुन्हा फोन वाजला.

"नमस्कार सर, मी सर्व्हिस सेंटरमधून मिनल बोलते. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

"गाडी रस्त्यात बंद पडली आहे बाई!"

"हो सर. पण तारे सेवेचे आहेत, गाडीचे नाही."

"मंग एक लिहा. एकच!"

"एक दिला तर तक्रार पुन्हा उघडावी लागेल सर. फॉर्म भरा लागते, कारण लिहा लागते, तुम्हाला दोनदा यावं लागेल. पाच दिले की प्रकरण बंद."

बाबनरावांनी बंद गाडीकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"पाच," ते म्हणाले.

"धन्यवाद सर. काही सूचना?"

"नाही. समाधानी आहे."

इथं ज्यांना बाबनरावांचा राग आला असेल, त्यांनी आपापला फोन उघडावा. गेल्या महिन्यात आपण कोणाकोणाला पाच तारे दिले, ते त्यात निघेल. त्यातल्या कोणी खरंच काम केलं होतं, तेवढं तपासावं. आणि आपण प्रकरण बंद केलं तेव्हा घरातलं कोण अजून वाट पाहत बसलं होतं, तेही जमलं तर आठवावं.