होल्टेनझांडच्या वाळवंटात काय काय करता येते

निसर्गाला सगळ्यात मोठा धोका असतो तो निसर्ग बघायला आलेल्या माणसांचा. हे सत्य जर्मनीला इतर देशांच्या फार आधी उमगले, आणि उमगल्यावर जर्मनी स्वस्थ बसत नाही; पाटी लावते.

हॅनोव्हरपासून गाडीने दीड तासावर होल्टेनझांडचे वाळवंट आहे. (जर्मनीत वाळवंट कुठून आले, असे विचारू नये. तिथे पूर्वी रणगाड्यांचा सराव चाले. रणगाड्यांनी पन्नास वर्षे तुडवून घडवलेली ही भूमी आता इतकी नाजूक झाली आहे, की चपलेनेही तिला इजा होते.) पर्यटकांसाठी इथे मैदानी उपक्रमांची रेलचेल आहे: आखलेल्या वाटेने चालणे, थांबणे, पाटी वाचणे, पुढच्या पाटीपर्यंत चालणे आणि धाडसी मंडळींसाठी लाकडी मनोऱ्यावर चढून, आपण चाललो ती वाट वरून बघणे. वाटेवर फळ्या घातल्या आहेत, त्यामुळे वाळूशी संबंध येत नाही. गेल्या वर्षी अकरा हजार दोनशे चौदा पर्यटक आले. पैकी वाळूला पाय लागलेले चार. त्यातले दोघे पडले होते (त्यांना समज देऊन सोडले). फाटकापाशी ब्रश टांगला आहे. बुटांवर उडालेली वाळू झाडून निसर्गाला परत करावी लागते.

जयंत सरपोतदारचा या वाळवंटावर फार जीव. सोमवार ते शुक्रवार तो मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेई आणि शनिवारी इथे मानद वाटाड्या होण्याचे प्रशिक्षण. दोन वर्षे त्याने एक शनिवार चुकवला नव्हता. त्याने जर्मनीत बारा वर्षे काढली, तरी शेजारी त्याला विचारत, "तुम्ही मूळचे कुठले?" हिरव्या जाकिटावर बिल्ला लागला, की तेच शेजारी विचारणार होते, "पुढे जाऊ का?" हा प्रश्न एकदा तरी ऐकायला मिळावा म्हणून तो झुरत होता.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी त्याच्या बायकोला, मुक्ताला, नेमकी हॉस्पिटलात ड्यूटी लागली. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या सासूबाई, शोभनाताई, जयंतबरोबर निघाल्या. त्या वेंगुर्ल्याच्या; रोज किनाऱ्यावरच्या वाळूत अनवाणी चालायची सवय. इथे आल्यापासून त्यांच्या टाचा ठणकत होत्या, आणि वाळवंट म्हटल्यावर त्यांची कळी खुलली होती.

"आई, वाटेवरूनच चालायचं हं," जयंत म्हणाला.

"आणि वाळू?"

"ती बघायची."

"बघून टाचा कशा हो मोकळ्या होणार, जयंतराव?"

चौतीस पानी नियमावलीत टाचांचा उल्लेख नव्हता.

परीक्षक फ्राउ लिंडेमान हातात फॉर्म घेऊन सज्ज होत्या. समोर बारा जर्मन पर्यटक. चौथ्या पाटीपाशी जयंत एका गवताच्या पात्याविषयी अकरा मिनिटे बोलला, आणि मग त्याच्या लक्षात आले, की गवताकडे कोणीच बघत नाही. शोभनाताई बूट-मोजे काढून, साडी जरा वर खोचून, वाटेपासून चाळीस पावलांवर वाळूत फिरत होत्या. चेहऱ्यावर असे सुख, की एक आजोबा आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले होते.

"या बाई तुमच्याबरोबर आहेत?" फ्राउ लिंडेमाननी विचारले.

जयंतने तीन सेकंद त्यांच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिले. (ब्रेकच्या चाचणीत तीन सेकंद म्हणजे गाडी भिंतीत.)

"नाही. मी यांना ओळखत नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला.

पुढचे सर्व नियमाप्रमाणे झाले. त्याने शिट्टी फुंकली, पाटीकडे बोट केले आणि सासूबाईंना शुद्ध जर्मनमध्ये मार्गावर परतण्याची सूचना दिली. सूचना आदरार्थी बहुवचनात होती. त्या बाबतीत त्याला बोल लावता येणार नाही.

शोभनाताईंनी आधी जावयाचा चेहरा पाहिला, मग त्या बाईंच्या हातातला फॉर्म. मुकाट्याने परत आल्या, बूट घातले.

"सॉरी, सर," त्या म्हणाल्या, आणि जाऊन रांगेच्या अगदी शेवटी उभ्या राहिल्या. जन्मात कधी इंग्रजी न बोलणाऱ्या बाई. मराठीतून ओळख पटायला नको, एवढा विचार त्यांनी बूट घालता घालता केला होता.

"गेनाऊ!" (म्हणजे अगदी बरोबर!) म्हणत फ्राउ लिंडेमाननी शेरा लिहिला: वर्तन निःपक्षपाती. बिल्ला तिथेच, टाळ्यांच्या गजरात लावण्यात आला.

गाडीत शोभनाताई म्हणाल्या, "छान दिसतो हो बिल्ला, जयंतराव." जयंतला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता वाचकांना विनंती. ऑफिसच्या लिफ्टपाशी, मुलांच्या शाळेत किंवा मॉलच्या सरकत्या जिन्यावर आईने मोठ्याने हाक मारली असता, ज्यांनी आजवर एकदाही फोनमध्ये डोके घातले नाही, त्यांनी जयंतला खुशाल नावे ठेवावीत. मोजणीसाठी अशांनी हात वर करावेत.

(घाई नाही. शून्य हीदेखील ग्राह्य नोंद आहे.)